गौरीच्या पंगतीला बसण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

गौरी-गणपतीला घरी निघालायस आणि मागच्या वर्षीसारखं दुपारभर पोट धरून आडवं पडायचं नाही असं ठरवलंयस, ते वाचलं. त्यावर तू शोधलेला उपाय मात्र आधी सोडून दे. म्हणे सकाळपासून काही खायचं नाही, म्हणजे जागा राहील! गौरीपूजनाच्या दिवशी सोळा भाज्या चिरायच्या, पुरण वाटायचं, मग आरती, मग नैवेद्य. पानं मांडेपर्यंत अडीच-तीन वाजतात. एवढा वेळ उपाशी राहिलेला माणूस बसल्या बसल्या तुटून पडतो, आणि पोट भरल्याची वर्दी मेंदूला नीट पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात तीन पुरणपोळ्या आत गेलेल्या असतात. नैवेद्याआधी जेवत नसतील, तरी दूध-केळं बहुतेक घरांत चालतं. आईला विचारून घे.

आणि स्वतःला हावरट म्हणू नकोस. एकाच चवीला जीभ लवकर कंटाळते, नवी चव आली की भूक पुन्हा जागी होते. आपलं पान तर त्यासाठीच मांडल्यासारखं असतं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. पुरणाच्या गोडाने नकोसं झालं की कटाची आमटी भुरकायची, तोंड तिखट झालं की परत तुपातली पोळी. माझं मत विचारशील तर पापड, बटाट्याची भाजी आणि पहिल्या भाताचा मोठा ढीग यांत पोट घालवू नये. ते वर्षभर मिळतं. सोळाही भाज्या चमचा-चमचा चाख, दोन आवडतील त्या पुन्हा माग.

अन्न एकवेळ आवरता येतं, वाढणारी माणसं आवरत नाहीत. ताटावर आडवा हात धरलास तर बोटांवरून तूप ओततील. 'डाएट' हा शब्द तोंडातून काढू नकोस, अख्खी पंगत तुझ्या पगारापासून तुझ्या तब्येतीपर्यंत बोलू लागेल. 'पोट बरं नाही' हे तर मुळीच नको. ओवा येईल, काढा येईल आणि त्यानंतर पोळीही येईलच. वर ज्या काकू मागच्या खेपेला 'किती सुटलास रे' म्हणाल्या, त्याच यंदा 'किती वाळलास' म्हणत अर्धी पोळी टाकतील.

माझ्या मते या माणसांना तू किती खातोस याचा हिशेब नको असतो. आपण वाढलं आणि तू आवडीने घेतलंस, एवढंच त्यांना बघायचं असतं. म्हणून पहिल्यांदा सगळं निम्मं घे. अर्धी पोळी, मूठभर भात. मग आजी पुन्हा आली की स्वतःहून म्हण, 'आजी, अजून अर्धी वाढ, मस्त झालीय.' दोन वेळा घेतल्याचं समाधान तिला, आणि तुझी एकच पोळी. तिसऱ्या फेरीला 'आता ताकभातच' म्हणालास तर कुणी रागावत नाही, कारण ताकभात म्हणजे जेवण संपत आल्याची खूण हे सगळ्यांना ठाऊक असतं. शेवटचे दोन घास मुद्दाम सावकाश खा. पान रिकामं दिसलं की वाढपी धावतो.

एक लक्षात ठेव, निर्णय वाढतानाच घ्यायचा. पानात टाकायचं नाही हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात आणि ते योग्यच आहे. त्यामुळे भिडेपोटी एकदा घेतलं की संपवणं आलंच.

खरं तर सर्वांत सोपी जागा पंगतीत नाही, पंगतीबाहेर आहे. पहिल्या पंगतीला तू वाढायला उभा राहा. मुलगा वाढतोय म्हणून थोडं कौतुक होईल, ते होऊ दे. मग आई, काकू, वहिनी यांच्यासोबत मागच्या पंगतीला बस. तिथे आग्रह नसतो, जो-तो आपल्या हाताने घेतो. पण तिथला धोका वेगळा: 'एवढंसंच उरलंय, संपवून टाक.' आपल्या घरांतल्या बायका वर्षानुवर्षं हे उरलंसुरलं पोटात घालत आल्या आहेत, आणि त्याला कुणी जास्त खाणं म्हणत नाही. तू निदान उरलेली भाजी डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवायला उठ. आईचंही ताट त्यामुळे हलकं होईल.

जेवल्यावर लगेच लोळू नकोस. बाबांना मधुमेह आहे ना? त्यांना घेऊन पंधरा-वीस मिनिटं गावातले गणपती बघत फिरून ये. चालण्याने जेवणानंतरची साखर कमी चढते, आणि 'चला गणपती बघू' म्हटलं की ते नाही म्हणणार नाहीत. 'तुमच्या साखरेसाठी चला' म्हणालास तर मात्र खुर्चीतून हलणार नाहीत.

रात्री भूक नसेल तर नुसतं ताक पी. उरलेल्या पुरणपोळ्या दुसऱ्या दिवशी जास्तच चांगल्या लागतात, न्याहारीला एक गरम करून घे.

तुझी,
मावशी