पैलवान पोराला रग्बीत प्रॉप व्हायचंय, कॉलेज सोडतो म्हणतोय

कागलच्या एका वडिलांचं पत्र आलंय. पोरगं 17 वर्षांचं, बारावीला, वजन 108 किलो, पाचवीपासून तालमीत. मोबाईलवर रग्बी बघून आता म्हणतंय मी प्रॉप होणार, म्हणजे पुढच्या ओळीत ढकलणारा भारी गडी, फ्रान्सला जाणार, कुस्ती बंद आणि कॉलेज पण बंद. वडील विचारतात, यात पोट भरतं का, का हे खूळ मोडून काढू?

दादा, आधी त्याला खूळ म्हणू नका. पोरानं स्वतःचं अंग बघून जागा बरोबर ओळखलीय. 15 जणांच्या रग्बीत स्क्रम लागतो, म्हणजे बॉलसाठी खांद्याला खांदा लावून ढकलाढकली, तेव्हा आठ विरुद्ध आठ भिडतात, पहिल्या ओळीत मधे पायानं बॉल मागं ओढणारा हुकर आणि त्याच्या दोन बाजूंना दोन प्रॉप, 1 नंबर आणि 3 नंबर. 3 नंबरवाल्याचं डोकं समोरच्या दोघांच्या मधे जातं, दोन्ही खांद्यांवर भार येतो, म्हणून ती जागा फार अवघड. मान, मांड्या, कंबर, पकड हे सगळं तालमीत तयार होतंच. पण एक फरक वस्तादांना पण सांगा, कुस्तीत दाब आला की पैलवान अंग काढून घेतो, फिरतो, इथं फिरायचं नाही, पाठ सरळ ठेवून मागच्यांचा जोर पुढं पोचवायचा, आणि पाठ वाकली की स्क्रम कोसळतो आणि थेट मानेवर येतं. म्हणून तर 19 वर्षांखालच्या मॅचमध्ये दीड मीटरच्या पुढं ढकलायला बंदी आहे. व्हिडिओ बघून मित्रांबरोबर स्क्रम लावायचा नाही, कोच असल्याशिवाय नाहीच, हे माझ्या वतीनं हात जोडून सांगा त्याला.

आता पोटाचं. रग्बी युनियन 1995 ला प्रोफेशनल झालं, फ्रान्स, इंग्लंड, जपानच्या क्लबांत प्रॉपला पगारी काँट्रॅक्ट असतं आणि चांगल्या प्रॉपला कायम मागणी असते, कारण पहिल्या ओळीत ट्रेनिंग नसलेला माणूस उभा करता येत नाही. पण आपल्याकडं 15 च्या रग्बीत पगारावर घर चालेल असं काही नाही. 2025 च्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली ती सातजणांची, ऑलिंपिकमध्ये 2016 पासून आहे ती पण सातजणांची, त्यात स्क्रम तिघांचा आणि बाकी नुसतं पळणं, 108 किलोचा गडी तिथं दमतो. आणि फ्रान्सच्या क्लबांना तिथंच तयार झालेली पोरं ठराविक संख्येनं ठेवावी लागतात, त्यामुळं मॅचचा रेकॉर्ड नसलेल्या कागलच्या पोराला थेट कोण बोलवणार? एजंट पैसे मागत आला तर एक रुपया देऊ नका.

पण घाई करायचं कारणच नाही, कारण प्रॉप उशिरा पिकतो. झिम्बाब्वेत जन्मलेला तेंदाई मतावारिरा आधी दुसऱ्या जागेवर खेळायचा, मग प्रॉप झाला, साऊथ आफ्रिकेकडून 117 टेस्ट, म्हणजे आंतरराष्ट्रीय मॅच खेळला आणि 2019 चा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा 34 वर्षांचा होता. तुमचं पोरगं 17 चं आहे हो!

म्हणून बारावी पूर्ण करू द्या, तालीम सोडू देऊ नका. पुढचं कॉलेज पुण्या-मुंबईला बघा जिथं जवळ रग्बीचा क्लब आहे, फी भरायच्या आधी तिथं सराव खरंच होतो का ते स्वतः जाऊन बघा. फिजिओथेरपी किंवा बीपीएड अशी लाईन घेतली तर खेळ सुटला तरी हातात काम राहतं. खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी कुठल्या पातळीचं सर्टिफिकेट चालतं ते जिल्हा क्रीडा कार्यालयात आत्ताच विचारून घ्या, नंतर पळापळ नको. आणि वजन वाढवायला कुणाच्या सांगण्यावरनं पावडरी, इंजेक्शनं अजिबात नको, डोपिंगमध्ये सापडला की सगळंच संपतं.

त्याला एवढंच सांगा, रोज पहाटे जोर-बैठका झाल्या की पळायचं. प्रॉप नुसता ढकलत नाही, स्क्रम सुटला की उठून टॅकलला, म्हणजे बॉलवाल्याला पकडून पाडायला धावतो, लाईनआऊटला, म्हणजे बाहेर गेलेला बॉल आत टाकतात तेव्हा, तो पकडायला आपला गडी वर उचलतो, परत पळतो. पेपर संपले की त्याला घेऊन कोल्हापूरला या, रंकाळ्याला न थांबता एक फेरी मारून दाखवू दे, मग तिघं बसून क्लबांची यादी करू.