वाचकांचे प्रश्न : नॉर्थ कॅरोलायनातील जुनी घरे आणि त्यांवरील पुस्तके

प्रश्न : मी निवृत्त स्थापत्य अभियंता असून येत्या उन्हाळ्यात तीन महिने मुलीकडे, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, रॅलीजवळच्या केरी या गावी राहणार आहे. त्या राज्याचा आरंभीचा इतिहास आणि तिथल्या जुन्या इमारती यांविषयी जाण्यापूर्वी काय वाचावे? १९४१ सालच्या एका सचित्र ग्रंथाची प्रशंसा ऐकली आहे. तो विकत घ्यावा काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून आरंभ करतो. तो ग्रंथ विकत घेण्याची गरज नाही, परंतु तो न पाहता परतू मात्र नये. ‘द अर्ली आर्किटेक्चर ऑफ नॉर्थ कॅरोलायना’ हा तो ग्रंथ. त्यातील छायाचित्रे फ्रान्सेस बेंजामिन जॉन्स्टन यांची आणि मजकूर थॉमस वॉटरमन यांचा. जॉन्स्टनबाईंचा जन्म १८६४ चा. कार्नेगी निधीच्या साहाय्याने १९३३ ते १९४० या काळात, म्हणजे सत्तरीच्या आगेमागे, त्यांनी दक्षिणेकडील नऊ राज्ये पालथी घातली आणि सुमारे ७,००० छायाचित्रे काढली. केवळ जमीनदारांच्या हवेल्यांवर त्यांचे समाधान होत नसे. रंग उडालेली शेतघरे, मुख्य घरापासून वेगळी बांधलेली स्वयंपाकघरे, मांस धुरावण्याच्या खोल्या हेही त्यांनी तितक्याच आस्थेने टिपले. यांतील अनेक वास्तू आज उभ्या नाहीत. ही छायाचित्रे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये असून तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात; त्यामुळे ती नाशिकमध्ये बसूनच पाहून घ्यावीत आणि ग्रंथ तिकडच्या ग्रंथालयात चाळावा.

वॉटरमन यांच्या मजकुराविषयी मात्र थोडी सावधगिरी हवी. त्यांची नजर तयार होती, खिडकीच्या चौकटीची किंवा जिन्याच्या कठड्याची घडण ते अचूक वाचत. पण ती घडण पाहून घराचा काळ आणि कर्ता ठरवण्याची त्या पिढीची जी रीत होती, तिच्यामुळे अंदाजही सिद्धान्ताच्या थाटात मांडले जात. शिवाय घर कोणी बांधवले हे त्या पिढीच्या ग्रंथांत ठळकपणे येते. कोणी बांधले, हे क्वचितच.

ही उणीव १९९० मध्ये आलेल्या दोन पुस्तकांनी भरून काढली. कॅथरीन बिशर यांचे ‘नॉर्थ कॅरोलायना आर्किटेक्चर’ हे राज्याच्या वास्तुकलेचे सलग कथन आहे, आणि त्यांनी तीन सहलेखकांसह लिहिलेले ‘आर्किटेक्ट्स अँड बिल्डर्स इन नॉर्थ कॅरोलायना’ हे बांधकामाच्या व्यवसायाचा इतिहास सांगते. आपण अभियंता असल्यामुळे माझे मत दुसऱ्याकडे झुकते. करारनामे, हिशेब आणि शिकाऊ मुलांची नोंदपत्रे धुंडाळून सुतार, गवंडी आणि वीटकाम करणारे कारागीर त्यात उभे केले आहेत, आणि त्यांत गुलामगिरीत जखडलेले कृष्णवर्णीय कारागीर किती मोठ्या प्रमाणावर होते, हे त्यातून स्पष्ट होते. मिल्टन या लहान गावातील थॉमस डे हे कृष्णवर्णीय कारागीर मात्र गुलाम नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचा स्वतःचा सुतारकामाचा मोठा कारखाना होता. त्यांनी केलेल्या जिन्याच्या पायथ्याचा खांब सरळसोट नसतो, तो नागमोडी वळत वर येतो आणि कठड्यात विरून जातो. त्यांच्यावर २०१० साली निघालेले स्वतंत्र पुस्तक जरूर पाहावे.

इतिहासासाठी विल्यम पॉवेल यांच्या ‘नॉर्थ कॅरोलायना थ्रू फोर सेंचुरीज’ या १९८९ च्या जाड ग्रंथातील वसाहतकाळाची प्रकरणे पुरेशी आहेत. त्यांच्या जोडीला दोन जुनी पुस्तके मूळ स्वरूपात वाचावीत. पहिले थॉमस हॅरियट यांचे. रोअनोक बेटावरील इंग्रजांच्या १५८५ च्या वसाहतीत ते होते आणि त्यांचा वृत्तान्त १५८८ मध्ये छापला गेला. १५९० च्या आवृत्तीत त्याच वसाहतीतील चित्रकार जॉन व्हाइट यांच्या जलरंगातील चित्रांवरून केलेली कोरीव चित्रे आहेत. त्यांत स्थानिक लोकांची लांबट घरे दिसतात : कोवळी खोडे जमिनीत रोवून, वर वाकवून कमान केलेली आणि वरून साल किंवा चटया घातलेली. त्या राज्याच्या वास्तुकलेचा आरंभ विटांच्या हवेलीपासून नव्हे, येथून धरायला हवा, असे मला वाटते. दुसरे पुस्तक जॉन लॉसन यांचे १७०९ चे प्रवासवर्णन. लॉसन यांना दोनच वर्षांनी टस्करोरा या स्थानिक जमातीच्या लोकांनी ठार मारले, आणि ज्या भूमीविषयी त्यांनी इतक्या उत्साहाने लिहिले, तिथे युद्ध पेटले. दोन्ही पुस्तके चॅपल हिल येथील विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत.

न्यू बर्न येथील ट्रायन पॅलेस, म्हणजे ब्रिटिश गव्हर्नर ट्रायन यांचा वाडा, पाहण्याचा आग्रह आपल्याला सर्व जण करतील. जॉन हॉक्स यांच्या आराखड्यानुसार तो १७६७ ते १७७० मध्ये बांधला गेला आणि त्याच्या खर्चासाठी लादलेल्या करांमुळे अंतर्भागातील शेतकरी खवळले. मुख्य इमारत १७९८ मध्ये जळाली. आज दिसते ती हॉक्स यांच्या आराखड्यांवरून पुन्हा उभारलेली आणि १९५९ मध्ये खुली झालेली वास्तू होय. अस्सल जुने काम पाहायचे असेल, तर ईडन्टनचे १७६७ चे विटांचे न्यायालय गाठावे. त्याच गावातील १७५८ च्या क्यूपोला हाउसचा वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे झुकलेला आहे. मात्र आत गेल्यावर तळमजल्यावरील लाकडी कोरीवकाम नवे आहे, हे ध्यानात ठेवावे. मूळ काम १९१८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयाने विकत घेतले.

प्रश्न : याच राज्यातील न्यूबोल्ड-व्हाइट हाउस जुन्या लिखाणात सतराव्या शतकातील, तर नव्या पुस्तकांत १७३० चे म्हटले आहे. खरे कोणते?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : १७३० हेच. जुनी तारीख ऐकीव माहितीवर आधारलेली होती, नवी लाकडाच्या वर्तुळांवरून काढलेली आहे. ओल्या वर्षी झाडाचे वर्तुळ रुंद पडते, कोरड्या वर्षी अरुंद. तुळईला बारीक भोक पाडून काढलेला नमुना त्या प्रदेशाच्या ज्ञात क्रमाशी ताडून पाहतात. नमुन्यात सालीलगतचे शेवटचे वर्तुळ शाबूत असेल, तर झाड कोणत्या वर्षी तोडले हे कळते, आणि त्या काळी लाकूड ओले असतानाच वापरीत असल्यामुळे बांधकाम त्यानंतर लवकरच झाले असे धरता येते. या रीतीने तारखा नेहमी पुढेच सरकतात असे मात्र नाही. ईडन्टनमधील एका लहानशा, भाड्याने दिल्या जाणाऱ्या घराच्या दुरुस्तीत आतला जुना सांगाडा उघडा पडला आणि त्याचे लाकूड १७१८-१९ चे निघाले. त्या वयाचे घर म्हणून ते १९४१ च्या ग्रंथात सापडणार नाही, आणि १९९० च्या पुस्तकांतही नाही.