ब्लॉक वाचता आला नाही तर फाइलसिस्टीमने शून्यं द्यावीत का?

तुम्ही फ्यूजवर (लिनक्सच्या कर्नलबाहेर, म्हणजे त्याच्या गाभ्याबाहेर, साध्या प्रोग्रामसारखी फाइलसिस्टीम चालवायची सोय) स्वतःची छोटी फाइलसिस्टीम लिहिताय आणि विचारताय की, डिस्कवरचा एखादा ब्लॉक वाचताच आला नाही तर त्या जागी शून्यं भरून पुढे जावं का, म्हणजे वरचा प्रोग्राम अडणार नाही. माझी कळकळीची विनंती आहे, असं करू नका.

शून्यं हीसुद्धा खरी माहिती असते. लिनक्सवर स्पार्स फाइलमधला (मध्ये मोकळ्या जागा सोडलेली फाइल) कधीच न लिहिलेला भाग वाचला की शून्यंच मिळतात आणि ते बरोबरच असतं. खराब ब्लॉकच्या जागीही शून्यंच आली तर वरच्याला फरक कळणार कसा? बॅकअपचा प्रोग्राम ती निमूटपणे उचलेल, आणि जुन्या प्रती पुसण्याची वेळ आली की धड असलेली शेवटची प्रतही जाईल. त्यापेक्षा ईआयओ, म्हणजे वाचन-लेखन फसल्याची त्रुटी क्रमांक 5, परत करा. प्रोग्राम अडला तर अडू दे. निदान माणसाला कळेल आणि तो वेळेत डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून माहिती काढणारा प्रोग्राम) चालवून उरलेलं वाचवू शकेल.

फ्यूजमध्ये एक खाच आहे आणि ती पटकन लक्षात येत नाही. एरवी रीड कॉलमध्ये जेवढे बाइट मिळाले तेवढेच परत करून त्रुटी पुढच्या कॉलला दिली तरी चालतं. पण फ्यूजच्या रीडमध्ये मागितल्यापेक्षा कमी बाइट दिलेत, तर फाइल संपलेली नसतानाही कर्नल उरलेली जागा शून्यांनी भरतो. म्हणजे जे टाळायचं तेच मागच्या दाराने आत येतं! डायरेक्ट आयओ (कर्नलची कॅश टाळून थेट वाचणं) चालू नसेल, तर मागितलेल्या तुकड्यात खराब भाग असला की सरळ उणे ईआयओ द्या.

रचनाच बिघडलेली असेल, उदाहरणार्थ आयनोडमध्ये (फाइलची माहिती आणि जागा सांगणारी नोंद) अशक्य मूल्यं असतील, तर ईएक्सटी4 आणि एक्सएफएस या लिनक्सच्या फाइलसिस्टीम ईयूक्लीन (117, म्हणजे रचना दुरुस्त करायला हवी) देतात. तुम्हीही तेच द्या. त्यावरून वापरणाऱ्याला कळतं की आधी फाइलसिस्टीम तपासायला हवी, लगेच डिस्क बदलायला धावायचं कारण नाही. परवानगी नसल्याची त्रुटी वेगळी, तिची यात भेसळ नको.

आणि आयनोड वाचता आला नाही म्हणून फाइलचं नाव यादीतून गाळू नका. एलएस ही यादी दाखवणारी आज्ञा प्रश्नचिन्हं दाखवेल, दाखवू दे. आरसिंकला (फाइलींची प्रत दुसरीकडे जुळवून ठेवणारा प्रोग्राम) डिलीटचा पर्याय दिलेला असला तरी पाठवणाऱ्या बाजूला वाचनाची त्रुटी दिसली की तो पलीकडच्या फाइली पुसायचं थांबवतो. नावच गायब झालं तर त्याला वाटेल की तुम्ही फाइल मुद्दाम काढली, आणि पलीकडची चांगली प्रतही तो पुसून टाकेल.

हे सगळं तपासायला खराब डिस्क शोधत बसू नका. डिव्हाइस मॅपरमध्ये (खऱ्या डिस्कवर आभासी डिस्क उभी करणारा कर्नलचा भाग) डीएम-डस्ट आहे (लिनक्स 5.2 पासून), त्यात हवा तो ब्लॉक खराब ठरवता येतो. मी तरी त्याशिवाय वाचनाच्या कोडवर विश्वास ठेवत नाही. मधला एक ब्लॉक खराब करा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे ब्लॉक वेगवेगळे मागितल्यावर नीट वाचता येतात ना, तेही बघा.