वाचकांचे प्रश्न : शून्य हरवते आणि मापही सरकते

प्रश्न : वाळूजला आमचे पत्रा वाकवण्याचे छोटे शेड आहे. प्रेस ब्रेकच्या (पत्रा वाकवणाऱ्या यंत्राच्या) बॅकगेजवर, म्हणजे पत्रा किती आत जाईल ते ठरवणाऱ्या मागच्या सरकत्या अडणीवर, फेरीला १००० पल्स (विजेचे ठोके) देणारा इन्क्रिमेंटल एन्कोडर (फिरणे मोजणारे उपकरण) आहे. वीज गेली की गेजची स्थिती हरवते. शिवाय सकाळी अचूक असलेले माप दुपारपर्यंत एक-दोन मिलिमीटरने सरकते. विक्रेता वीज गेली तरी स्थिती न विसरणारा महागडा अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर सुचवतो. तो घ्यावा का?

उत्तर : आपल्या तक्रारी दोन आहेत आणि नव्या एन्कोडरने त्यांतली पहिलीच मिटेल.

इन्क्रिमेंटल एन्कोडर केवळ पल्स पाठवतो. परस्परांपासून ९० अंश सरकलेल्या ए आणि बी या दोन चॅनेलवरून दिशा कळते, पण मोजदाद पीएलसीत (यंत्राच्या नियंत्रकात) होत असल्याने वीज नसताना गेज हलले तर त्याची नोंद कोठेच होत नाही. यावर होमिंगचा, म्हणजे ठरलेल्या जागी जाऊन शून्य नव्याने धरण्याचा, स्वस्त उपाय आहे. वीज आल्यावर गेज सावकाश प्रॉक्सिमिटी सेन्सरपर्यंत (धातू जवळ आल्याचे ओळखणाऱ्या सेन्सरपर्यंत) न्यावे आणि त्यानंतर येणारी, फेरीत एकदाच मिळणारी झेड पल्स शून्य धरावी. सेन्सरसमोर पट्टी मात्र पोलादीच हवी. अ‍ॅल्युमिनियम असेल तर अशा इंडक्टिव्ह सेन्सरचा पल्ला निम्म्याहूनही कमी होतो.

माप सरकण्याचे कारण वेगळे आहे. गेज सरकवणाऱ्या स्क्रूचा पिच (एका फेरीत होणारी सरक) ५ मिलिमीटर असून एन्कोडर थेट स्क्रूवर असेल, तर एक पल्स म्हणजे ०.००५ मिलिमीटर; तेव्हा पल्स कमी पडतात असे नाही. दुपारी माप चुकू लागले की गेज होम स्थितीत न्यावे आणि शून्य करण्यापूर्वी पडद्यावरचा आकडा वाचावा. तो बरोबर असेल, तर गेजवरचा स्टॉपच सैल झाला आहे. आकडा चुकीचा असेल, तर कपलिंग (एन्कोडर आणि स्क्रू यांना जोडणारा भाग) आणि शाफ्ट यांवर रंगाची सलग रेघ मारून दिवसभर काम करावे. रेघ तुटली तर कपलिंग शाफ्टवर आवळणारा ग्रब स्क्रू घसरतो आहे (बहुधा हेच निघेल, आणि त्याला ॲलन कीपलीकडे खर्च नाही). रेघ शाबूत असेल, आणि मध्ये बेल्ट असल्यास तोही घसरत नसेल, तर पल्समध्ये विद्युत गोंगाट मिसळतो आहे असे समजावे. ड्राइव्हकडून (मोटर चालवणाऱ्या उपकरणाकडून) मोटरकडे जाणारी केबल आणि एन्कोडरची केबल एकाच ट्रेमध्ये असतील तर त्या वेगळ्या कराव्यात, एन्कोडरसाठी शील्ड असलेली केबल वापरावी आणि पीएलसीचे इनपुट चालत असेल तर लाइन ड्रायव्हर आउटपुटचा (प्रत्येक सिग्नल उलट जोडीसह पाठवणारा) एन्कोडर घ्यावा.

एवढे करूनही दर वेळी होमिंग करणे गैरसोयीचे वाटत असेल तर अ‍ॅब्सोल्यूट जरूर घ्यावा, पण तो मल्टिटर्न (फेऱ्याही मोजणारा) आहे याची खात्री करून. सिंगलटर्नला फक्त एका फेरीतला कोन कळतो, आणि ५०० मिलिमीटरच्या प्रवासात आपला स्क्रू १०० फेऱ्या घेतो.