पहिला ट्रेक कधी करावा?

पहिल्या ट्रेकला जुलै नको, मित्रा. धबधब्यांचे फोटो पाहून तेव्हाच निघावंसं वाटतं, पण शेवाळलेला कातळ आणि धुक्यात हरवणारी वाट नवख्याला झेपत नाही. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर रविवारच्या गर्दीत, ओल्या हातांनी कठडा धरून खोळंबलोय मी. ती धाकधूक तुला नको.

डिसेंबर-जानेवारीत जा. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातून पहाटे निघालास की वाट कोरडी, हवा स्वच्छ. १६४६ मीटर उंच माथ्यावरून अलंग-मदन-कुलंग हे किल्ले लख्ख दिसतात!

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- थंडी म्हणून पाणी कमी नेतात. तीन लिटर हवंच.
- गुळगुळीत तळव्यांचे बूट. कोरड्या मुरमावर उतरताना हेच घसरवतात.
- विजेरी विसरतात.

रानफुलं सप्टेंबरअखेरीस. ती पुढच्या वर्षी बघू.