इक्युमेनिकल म्हणजे सर्वधर्मीय नव्हे!

प्रश्न असा आला आहे : 'जानेवारीत आमच्याकडे इक्युमेनिकल प्रार्थना आहे. मराठी पत्रिकेत "सर्वधर्मीय प्रार्थना" लिहिलं तर चालेल ना? शेवटी ऐक्य आणि शांतता यांसाठीच आहे.'

नाही चालणार. मागे आमच्या भागात एका चर्चबाहेर नेमका असाच फ्लेक्स लागला होता. 'सर्वधर्मीय' हा शब्द वाचून फ्लेक्सवाल्याने आपल्या हिशेबाने वर ॐ, चंद्रकोर आणि क्रूस ओळीने छापून दिले. आत जाऊन पाहतो तर एक कॅथलिक फादर, एक सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे) पाळक आणि एक मेथडिस्ट पाळक. तिघेही ख्रिस्तीच! फ्लेक्सवाल्याला काय बोलणार? त्याने दिलेल्या मजकुराशी इमान राखलं.

सर्वधर्मीय म्हणजे शेजाऱ्यांचा सलोखा. इक्युमेनिकल म्हणजे ख्रिस्ती पंथांमधली भाऊबंदकी मिटवणं. आणि ती अजून पुरती मिटलेली नाही : कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एकत्र प्रार्थना करतात, पण प्रभुभोजनाच्या (येशूच्या स्मरणार्थ भाकर-द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) पंगतीला सहसा वेगवेगळेच बसतात. १८ ते २५ जानेवारीचा प्रार्थना-सप्ताह १९०८ पासून चालू आहे तो त्यासाठीच.

आता खरी गंमत. मूळ ग्रीक शब्द 'ओइकुमेने'. व्याकरणाने हे स्त्रीलिंगी धातुसाधित विशेषण, अर्थ 'वसलेली'. काय वसलेली? भूमी. ती अध्याहृत. आधी हे जग ग्रीकांपुरतं होतं, मग रोमन साम्राज्यापुरतं झालं. लूकच्या शुभवर्तमानात कैसर औगुस्त 'सर्व जगाची' शिरगणती करायला सांगतो, तिथे ग्रीकमध्ये हाच शब्द आहे. म्हणजे जग कुठवर, तर आमचा पटवारी पोचतो तिथवर!

या शब्दाच्या पोटात आहे 'ओइकोस', म्हणजे घर. जुन्या शिलालेखांत त्याच्या तोंडी 'व' सापडतो, 'वोइकोस'. आता डोळे मिटून संस्कृत आठवा : वेश, वेश्म, म्हणजे घर. विश् म्हणजे वस्ती, प्रजा, त्यावरून वैश्य. सगळं एकाच कुळातलं. (कृपा करून 'वस्ती' हा शब्द इथे ओढू नका. तो वस् धातूचा, त्याचं घराणं निराळं.) डायोसिस (बिशपचा प्रांत) आणि पॅरिश (एका चर्चचा परिसर) हेही ओइकोसचेच वंशज. पॅरिशच्या मुळाशी 'पारोइकोस', घराजवळ राहणारा. संस्कृतात शेजाऱ्याला 'प्रतिवेशी' म्हणतात. उपसर्ग वेगळा, घर तेच. वसईचे कॅथलिक पॅरिशला 'धर्मग्राम' म्हणतात ते उगीच नाही.

आणि आपली गावाची वेस? माझा तर्क असा की तीही याच 'वेशा'ची. विभक्ती लागताच 'वेशीवर', 'वेशीपाशी' असा श परत उगवतोच ना! एका मित्राने यावर 'स ला ई लागली की मराठीत श होतोच, म्हशी नाही का होत?' असं म्हणून मला गप्प करायचा प्रयत्न केला. म्हशीचं ठीक आहे. पण गावात प्रवेश जिथून करायचा त्या जागेला विश् (शिरणे) धातूशिवाय दुसरं काय शोभेल, हे त्याने अजून सांगितलेलं नाही.

'इक्युमेनिकल म्हणजे सरळ वैश्विक' असं सांगणारे विद्वानही भेटतात. त्यांना पहिल्या ग्रेगरींची गोष्ट ऐकवावी. सहाव्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क, म्हणजे तिथले मुख्य बिशप, चौथे जॉन स्वतःला 'इक्युमेनिकल पॅट्रिआर्क' म्हणवत. लॅटिनमध्ये त्याचं 'युनिव्हर्सालिस' झालं आणि रोमचे पोप ग्रेगरी भडकले : हा एकटाच वैश्विक, तर बाकीचे बिशप कशाला? माझ्या मते निम्मं भांडण भाषांतराने लावलेलं. ऐक्याचा शब्द, आणि त्याच्याच अर्थावरून दोन भाऊ हमरीतुमरीवर! १०५४ मध्ये तर दोन्हीकडून बहिष्कार पडले. ते मागे घ्यायला १९६५ चा डिसेंबर उजाडला.

आपल्याकडचं ठळक उदाहरण नागपूरचं. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा ख्रिस्ती मंडळ्या तिथे एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रेदरन असे वेगवेगळ्या चुलींचे लोक एका घरात आले. सगळे आले असं नाही. मेथडिस्टांतला अमेरिकी परंपरेचा मोठा गट बाहेरच राहिला. यात 'सर्वधर्म' कुठे आहे, सांगा.

हो, पत्रिका राहिलीच. 'विश्वैक्यवादी' वगैरे लिहू नका, लोकांना योगशिबिर वाटेल. 'सर्व ख्रिस्ती मंडळ्यांची एकत्र प्रार्थना' असं लिहा. फक्त आधी फादरना दाखवा. 'मंडळी' हा प्रॉटेस्टंटांचा शब्द, कॅथलिक 'ख्रिस्तसभा' म्हणतात, आणि त्यावरूनच पुन्हा दोन पत्रिका छापायची वेळ यायची.