तीन हप्त्यांचा एक हप्ता करण्यापूर्वी

मला मुलीप्रमाणे असलेल्या तुला अनेक आशीर्वाद.

नोकरी लागताच बँकेचे शैक्षणिक कर्ज, शेवटच्या वर्षी घेतलेले वैयक्तिक कर्ज आणि आईच्या दागिन्यांवरचे सोनेतारण अशा तीन देण्यांच्या तारखा सांभाळताना तुझी ओढाताण होते आहे, आणि त्यामुळे वडिलांच्या रावेरच्या केळीच्या शेतावर एकच मोठे कर्ज काढून सगळे फेडण्याचा प्रस्ताव तुला सोयीचा वाटतो आहे, हे तुझ्या पत्रावरून समजले. माझे मत स्पष्ट आहे: शैक्षणिक कर्ज त्यात घालू नकोस.

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही. तुझ्या पाच लाखांना आज वडिलांची सहकर्जदार म्हणून सही आहे, जमीन गहाण नाही. मे-जूनच्या वादळात उभी बाग एका संध्याकाळी आडवी होते, हे रावेर-यावलच्या माणसाला सांगावे लागत नाही. अशा वर्षी तुझी नोकरीही गेली, तर तुझ्या शिक्षणापायी सातबाऱ्यावर बोजा चढलेला असेल. हप्ते दोनाने कमी झाले म्हणून एवढी जोखीम घ्यावी, असे मला अजिबात वाटत नाही.

आता व्याज पाहा. पाच लाख रुपये १० टक्क्यांनी ७ वर्षांत फेडले, तर हप्ता सुमारे ८,३०० रुपये आणि एकूण व्याज १ लाख ९७ हजारांच्या आसपास होते. तेच कर्ज ९ टक्क्यांनी १२ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ५,६९० वर येतो, पण व्याज ३ लाख १९ हजारांवर जाते. दर उतरूनही सव्वा लाख जास्त जातात, कारण मुदत वाढली. म्हणून कोणीही नुसता हप्ता सांगितला, तर एकूण परतफेड लेखी माग.

शिवाय जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाचे व्याज ८ वर्षांपर्यंत उत्पन्नातून वजा होते. जमीन तारण ठेवून काढलेल्या साध्या कर्जावर तो हक्क धरून चालू नकोस. तुमचे कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत होते, तेव्हा सवलतीच्या काळातील, म्हणजे हप्ते सुरू होण्याआधीच्या, व्याजाचे केंद्रीय अनुदान खात्यात जमा झाले का, हेही शाखेत विचारून घे.

वैयक्तिक कर्जाचा दर बहुधा सर्वांत जास्त असेल, त्यामुळे महिन्याची उरलेली रक्कम आधी तिकडे वळव आणि त्यानंतर आईचे दागिने सोडव. शैक्षणिक कर्जाचा ठरलेला हप्ता तेवढा चालू ठेव. दुसरी बँक तेच कर्ज शैक्षणिक कर्ज म्हणूनच, तारणाशिवाय, उरलेल्या मुदतीत आणि कमी दराने स्वतःकडे घेत असेल, तर जरूर विचार कर. बदलत्या व्याजदराच्या अशा कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला लावता येत नाही, पण नव्या बँकेचे प्रक्रिया शुल्क हिशेबात धर. तिन्ही खात्यांचे उतारे मला पाठव, आणि ते पाहून होईपर्यंत वडिलांना कोणत्याही गहाणखतावर सही करू देऊ नकोस.